दंतवैद्याच्या खुर्चीशेजारीं

कोणतीही हस्तविद्या नुसत्या पुस्तकांतून येत नाहीं, हें सोनारासुतारांच्या मुलांना सांगावें लागत नाहीं. दंतवैद्यकाचीही गोष्ट तीच. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १८४० सालीं जगांतलें पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय निघालें. तोंवर ही विद्या बहुधा उमेदवारी करूनच मिळे. आपल्या देशांत डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास अशी पहिली संस्था काढली. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं उभें राहिलें, १९४८ सालीं कायदा होऊन या व्यवसायास शिस्त लागली, आणि नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय १९६८ सालीं सुरू झालें. महाविद्यालयें आलीं, तरी उमेदवारी सुटली नाहीं. आजही विद्यार्थी पहिलीं दोन वर्षें मेणाचे दांत कोरतो, शरीररचना घोकतो, आणि मगच रुग्णाच्या खुर्चीशेजारीं उभा राहतो. तेथें तो काय शिकतो, हें पाहण्याजोगें आहे.

त्याला पहिलें नवल वाटतें तें असें कीं, रुग्ण गालावर हात दाबून आलेला असतांही दंतवैद्य प्रथम तोंडांत पाहत नाहीं. तो प्रश्न विचारतो. मधुमेह आहे काय? रक्तदाबाचें औषध चालू आहे काय? रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतां काय? दांताशीं या गोष्टींचा संबंध काय, असें रुग्णास वाटतें. परंतु दांत काढल्यावर रक्त वेळेवर थांबेल कीं नाहीं, आणि जखम लौकर भरेल कीं चिघळेल, याचें उत्तर या प्रश्नांतच असतें. मग आरसा, टोकदार सळई आणि चिमटा हीं तीन साधीं हत्यारें हातीं येतात, आणि दंतवैद्य शेजारच्या विद्यार्थ्यास लिहून घ्यावयास सांगतो : "छत्तीस, खोल कीड."

बत्तीस दांतांच्या तोंडांत छत्तिसावा दांत कोठून आला? उत्तर सोपें आहे. तोंडाचे चार भाग कल्पून प्रत्येकास एक अंक दिलेला असतो. पहिला अंक भाग सांगतो, दुसरा अंक मधल्या रेषेपासून दांताचा क्रम सांगतो. तीन म्हणजे खालची डावी बाजू, आणि सहा म्हणजे तेथील सहावा दांत, अर्थात् पहिली कायमची दाढ. ही दाढ मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दांतांच्या मागें निमूटपणें उगवते. तिच्या जागीं आधींचा कोणताही दांत पडत नाहीं. त्यामुळें आईबापांना ती दुधाचीच वाटते, आणि "पडेल आपोआप" म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होतें. ती पुन्हां येत नाहीं, हें कळतें तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

दुसरें नवल दांत काढण्याचें. दांत उपटणें हें मनगटाच्या जोराचें काम, अशी लोकांची समजूत असते, आणि विद्यार्थीही तीच घेऊन आलेला असतो. प्रत्यक्षांत दंतवैद्य दांत ओढीत नाहीं. सुई देऊन तो भाग बधिर झाला, ओठ जड झाल्याचें रुग्णानें सांगितलें, कीं तो दांत चिमट्यांत घट्ट धरून सावकाश आंतबाहेर झुलवितो. जबड्याचें हाड थोडेंसें लवचिक असतें. या झुलविण्यानें दांताची खोबण रुंदावते आणि दांत सैल होतो. घाई केली तर मूळ मोडून आंत राहतें. पुढें तेथें जें रक्त सांकळतें तेंच जखमेचें झांकण होय. म्हणून कापसाचा बोळा दाबून धरा, दिवसभर चूळ भरूं नका, थुंकूं नका, असें बजावून सांगतात. ज्याला हें कारण समजलें तो विद्यार्थी ती सूचना रुग्णास कधींही अर्धवट सांगत नाहीं.

परंतु नागपुरांत या खुर्चीशेजारीं जो धडा मिळतो, तो दांतांपुरता राहत नाहीं. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भांत पानठेल्यापानठेल्यावर मिळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील दर चार प्रौढांमागें जवळजवळ एकजण चघळण्याची वा तत्सम बिनधुराची तंबाखू वापरणारा आढळला. यांत तंबाखू घातक हें सर्वांस ठाऊक आहे. सुपारी मात्र निरुपद्रवी मानली जाते. तसें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं सुपारीची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. सुपारीच्या सततच्या संसर्गानें गालाच्या आंतल्या मऊ अस्तराखालीं चिवट तंतू साठत जातात. प्रथम तिखट सोसेनासें होतें. सावजी रस्सा चवीनें खाणारा मनुष्य साध्या वरणाच्या फोडणीनेंही कळवळतो. मग अस्तर पांढुरकें पडतें, गाल ताठरतो, आणि तोंड हळूहळू मिटत जातें. एकदां साठलेले तंतू सहसा विरत नाहींत. सवय सोडल्यास रोगाची वाढ रोखतां येते, आणि अशाच तोंडांत पुढें कर्करोग होण्याची भीती अधिक असते.

दुःख असें कीं, या अवस्थेंत दांत ठणकतो तसें कांहीं ठणकत नाहीं. रुग्ण येतो तो दाढ दाखवावयास. अशा वेळीं अनुभवी दंतवैद्य दाढ पाहून थांबत नाहीं. आरशानें गाल बाजूस सारून आंतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, सारें पाहतो. त्याची विचारण्याची रीतही शिकण्याजोगी असते. "खर्रा खातां का?" असें विचारलें तर मान नकारार्थी हलते. "भाऊ, दिवसाला किती पुड्या होतात?" असें सहज विचारलें तर आंकडा कळतो. रागावलें तर रुग्ण पुन्हां येत नाहीं, आणि न आलेल्या रुग्णाचें कोणतेंही शास्त्र भलें करूं शकत नाहीं. हात चालविण्याचें कौशल्य सरावानें येतें. दुखत नसलेलें दुखणें पाहण्याची आणि तें माणसास न दुखवितां सांगण्याची संवय मात्र जाणत्याच्या शेजारीं उभें राहूनच लागते.

या धड्याचा एक भाग घरच्या घरींही उपयोगीं पडण्यासारखा आहे. स्वतःचीं मधलीं तीन बोटें एकत्र धरून वरच्या व खालच्या पुढील दांतांमध्यें उभीं घालून पाहावींत. निरोगी प्रौढाच्या तोंडांत तीं बहुधा सहज मावतात. मावेनाशीं झालीं, तिखट सोसेनासें झालें, पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा तोंडांतील एखादी जखम दोनतीन आठवड्यांत भरली नाहीं, तर दुखण्याची वाट न पाहतां दंतवैद्याकडे जावें.