सूचिछिद्रातून दिसणारे लखनौ

छायाचित्रण हा खर्चिक छंद आहे, असा सर्वसाधारण समज असतो. भिंग, बॅटरी, पडदा यांपैकी काहीही नसलेला एक कॅमेरा मात्र घरातील रिकाम्या डब्यातूनही साकारतो. ‘पिनहोल’ अर्थात सूचिछिद्र कॅमेरा हे त्याचे नाव. त्याला हवा असतो भरपूर उजेड आणि त्याहून अधिक धीर. लखनौच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गावर वसलेल्या तेलीबागेसारख्या गजबजत्या वस्तीत घराची मोकळी गच्ची या प्रयोगास पुरेशी आहे.

तत्त्व जुने, अनुभव नवा

प्रकाश सरळ रेषेत जातो. त्यामुळे बारीक छिद्रातून आत येताना झाडाच्या शेंड्याचे किरण खाली पडतात, बुंध्याचे वर. आणि अंधाऱ्या डब्यात उलटी प्रतिमा उमटते. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम या अरब विद्वानाने या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात भिंतीवर दिसणारी गोपुराची उलटी छाया ही याच तत्त्वाची किमया. लखनौच्या परिसरातील आंब्याच्या दाट सावलीत जमिनीवर पडणारे गोल कवडसे म्हणजेही पानांतील फटींनी रेखलेल्या सूर्याच्या प्रतिमाच होत. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे दिसतात.

कृती

घट्ट झाकणाचा, सुमारे दहा सेंटिमीटर खोलीचा पत्र्याचा डबा घ्यावा व आतून काळा रंगवावा. बाजूला छोटी खिडकी कापावी. शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा घेऊन त्यास बारीक सुईच्या टोकाने छिद्र पाडावे, पॉलिश पेपरने त्याची कड घासावी आणि तो तुकडा खिडकीवर आतून चिकटवावा. या खोलीसाठी छिद्राचा व्यास ०.४५ मिलिमीटरच्या आसपास असावा. छिद्र फार मोठे झाल्यास चित्र धूसर होते. फार लहान झाल्यास प्रकाश कडांशी पसरून पुन्हा तोच दोष येतो. बाहेरून काळ्या चिकटपट्टीची पट्टी लावली की झडप तयार!

लाल दिव्याच्या उजेडात छिद्रासमोर कृष्णधवल छायाचित्राचा कागद बसवावा. डबा गच्चीच्या कठड्यावर विटेने पक्का करून पट्टी उघडावी. स्वच्छ उन्हात अर्धा ते एक मिनिट पुरते. जानेवारीतील धुक्याच्या सकाळी मात्र कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो. मग डेव्हलपर, पाणी व फिक्सर अशा क्रमाने कागद धुतला की उलट छटांचे चित्र मिळते. मोबाइलवर त्याचा फोटो काढून छटा पालटल्या की खरे दृश्य प्रकटते.

जे थांबते, ते उरते

या चित्रात एक नवल घडते. रायबरेली मार्गावरून धावणाऱ्या दुचाक्या, रिक्षा, पादचारी यांचा जवळजवळ मागमूस राहत नाही. उरतात त्या इमारती, झाडे आणि विजेचे खांब. १८३८ मध्ये दागेर यांनी टिपलेल्या पॅरिसच्या रस्त्याचेही असेच झाले होते. वर्दळ नाहीशी झाली. बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला.

लखनौला संथ छायाचित्रणाची परंपरा आहे. दारोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये ‘द लखनौ अल्बम’ या नावाने या शहराची पन्नास छायाचित्रे प्रसिद्ध केली. नबाबी वास्तूंचा तो आज अमोल दस्तऐवज ठरला आहे. शहर विस्तारताना तेलीबागेसारख्या वस्त्यांचे रूप वेगाने पालटते. कोणा अब्बास अलींची वाट न पाहता एखाद्या कुटुंबाने दरवर्षी एकाच गच्चीवरून एक चित्र टिपले, तर आपल्या परिसराचा असाच ठेवा घरात साठेल.

खर्चाची बाजू

डबा फुकट मिळतो. कागद विकत घ्यावा लागतो. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ उत्पादने एके काळी सर्वत्र परिचित होती. तो कारखाना आता बंद पडला आहे, त्यामुळे कागद जपून वापरणे ओघानेच येते. म्हणूनच पट्टी उघडण्यापूर्वी माणूस ऊन पाहतो, सावली मोजतो, दृश्य निवडतो. मोबाइलवर दिवसाला शंभर चित्रे काढणाऱ्या मुलांना एका चित्रासाठी असे विचारपूर्वक थांबणे शिकवता आले, तर रिकाम्या डब्यातील ती गुंतवणूक घरातील सर्वांनाच लाभदायक ठरेल.