बोडीत पाणी कुठून येतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण शिक्षक माझ्या घरी आले. हातात ले-आउटचा नकाशा होता. "काकाजी, तुम्ही पटवारी होते. हा प्लॉट घेऊ का? सातबारा साफ आहे, एनए झालं आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे." आमच्या चामोर्शीकडे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. मी चष्मा लावून नकाशा पाहिला. प्लॉटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'बोडी' असं लिहिलेलं होतं. मी विचारलं, "या बोडीत पाणी कुठून येतं?" ते हसले आणि म्हणाले, "पावसाचं, आणखी कुठलं?"

मी मात्र हसू शकलो नाही. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मीही हेच उत्तर दिलं असतं.

बोडी म्हणजे लहान तलाव. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सारा धानाचा मुलूख. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांतच पडून जातो. रोवणी पावसावर होते, मात्र धान पोटरीवर आल्यावर, नेमक्या गरजेच्या वेळी, पाऊस पाठ फिरवतो. तेव्हा तलावाचं एक पाणी मिळालं तर घरात धान येतं, नाही तर तणस. हे ओळखूनच गोंड राजांच्या काळात तलाव खोदणाऱ्याला जमीन देण्याची चाल पडली. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या तुकूम वस्तीच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे मालगुजार आले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि त्याचंच बोलीत 'मामा तलाव' झालं. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

तलाव म्हणजे नुसता पाण्याचा खड्डा नव्हे. वरच्या उतारावरून, झुडपी रानातून, बांध्यांमधून पाणी झिरपत, वाहत येतं, तो त्याचा येवा. खाली मातीची पाळ, एका अंगाला सांडवा आणि पाळीखालून शेतांकडे निघालेले पाट. पाणी ओसरलं की गाळपेर होते, ढिवर बांधव मासे धरतात, बाया कमळकंद काढतात, हिवाळ्यात पाखरं उतरतात. यातला एक अवयव तोडला की बाकीचे आपोआप मरतात. तलाव सहसा माती टाकून बुजवला जात नाही, तसं केलं तर गाव ओरडेल. आधी त्याचा येवा तुटतो. मग तो कोरडा दिसू लागतो, त्यात बेशरम माजते, आणि मग कोणीही म्हणायला मोकळा होतो की हा कसला तलाव, ही तर पडीक जागा.

हे मला कळलं ते स्वतःच्या चुकीतून. माझ्या सज्ज्यातल्या एका गावात तलावाच्या वरच्या अंगाला चाळीसेक प्लॉट पडले. स्थळपाहणी माझीच. जमीन खासगी, वनात नाही, वाद नाही, वरून विजेची तार जात नाही, असं सगळं मी प्रामाणिकपणे लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाणी कुठून कुठे जातं, असा रकाना कागदावर नव्हता, म्हणून मीही ते पाहिलं नाही. ले-आउटचा रस्ता उंच झाला, त्याखाली मोरी ठेवली नाही. दुसऱ्या वर्षी तलाव अर्धाच भरला. ऑक्टोबरात पाळीखालच्या शेतांतल्या लोंब्या पोचट निघाल्या. एक म्हातारी मला बांधीवर घेऊन गेली, ओंजळभर लोंब्या चोळून दाखवल्या आणि एवढंच म्हणाली, "पहा पटवारी."

आता आपण विचाराल, यासाठी कायदा नाही का? आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये पाणथळ जागांचे नियम काढले. अधिसूचित पाणथळीत भर घालणं, कारखाना उभारणं, घाण सोडणं मना आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. पण याच नियमांत पाणथळीची व्याख्या करताना नदीचं पात्र, भातशेती आणि खास सिंचनासाठी माणसाने बांधलेले साठे वगळले आहेत. म्हणजे आमचा दोन-तीनशे वर्षांचा तलाव, ज्यात बदकं उतरतात आणि कमळं फुलतात, तो 'सिंचनासाठी बांधला' म्हणून व्याख्येबाहेर. पूर्वजांनी उपयोगासाठी खोदला हाच त्याचा गुन्हा!

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उपग्रहाच्या नकाशावरच्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षणाची तत्त्वं लागू केली. डिसेंबर २०२४ मध्ये तीन महिन्यांत त्यांची जागेवर पडताळणी आणि सीमांकन करण्याचा आदेशही दिला. परंतु आमच्या कितीतरी बोड्या सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान. त्या या हिशेबात येतच नाहीत.

माझा भाचा अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो. घरामागे लाकडी ओटा बांधायचा म्हणून तो महिनाभर धावपळ करत होता. फोनवर म्हणाला, "मामा, ओट्यासाठी इथे गावकीसमोर जावं लागतं!" मी खोदून विचारलं. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९५७ च्या कायद्याने प्रत्येक गावाला संवर्धन आयोग नेमता येतो. तीन ते सात सदस्य, सगळे गावातलेच, बहुतेक बिनपगारी. पाणथळीपासून शंभर फुटांच्या आत खोदकाम करायचं तर आधी आयोगाकडे अर्ज. लगतच्या मालकांना नोटीस, एकवीस दिवसांत जाहीर सुनावणी. सदस्य जागेवर येऊन पाहतात, नाही म्हणू शकतात, किंवा अटी घालून हो म्हणतात. माती वाहू नये म्हणून गवताचे गुंडाळे लावा, अमुक झाड तोडू नका. त्या अटींची जमिनीच्या कागदपत्रांत नोंद होते. भाच्याचा ओटा शेवटी चार फूट आत सरकला. तो कुरकुरला, पण मला हेवा वाटला. तिथे पहिली वीट ठेवण्याआधी विचारावं लागेल असं कोणीतरी आहे.

आपल्याकडे ते कोण? शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे राज्य शासनाकडे, जमीन महसूल खात्याकडे, बांधकाम परवानगी स्थानिक संस्थेकडे. खेड्यात ग्रामसभा तरी आहे. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे दिलं. वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने पाणलोट आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हे आपण ऐकलंच असेल. पण चामोर्शीची २०१५ मध्ये नगर पंचायत झाली, आणि नगर पंचायतीत ग्रामसभा नसते. प्लॉट पडतात ते मात्र शहराच्या हद्दीत आणि तिच्या कडेलाच. तालुक्यात कोनसरीला लोहप्रकल्प आल्यापासून जमिनीचा भाव कसा चढला हे सांगायला पटवारी लागत नाही.

तरी एक दार आहे, त्याचा वापर फार कमी होतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. सुरुवातीच्या नियमांत तिच्यात अध्यक्ष धरून सात जण होते, त्यांत एक तृतीयांश महिला. तिकडच्या आयोगाइतकीच माणसं! या समितीला बांधकाम अडवता येत नाही, पण लोकांची जैवविविधता नोंदवही तिनेच करायची असते. बोडी, तिचा येवा, सांडवा, तिथली पाखरं आणि मासे त्या वहीत नकाशासह उतरले, तर उद्याच्या स्थळपाहणीत 'तलाव नव्हताच' असं लिहिणं अवघड होईल. दुसरा आधार जुना आहे. आमचे जिल्हे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, म्हणून विदर्भाच्या महसुली दप्तरात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहेत. कोणत्या तलावाचं पाणी कोणत्या शेतांना, मासे कोणी धरायचे, वाट कुठून, अशा वहिवाटी त्या जुन्या कागदांत सापडतात. नक्कल मागता येते. वहिवाट नोंदलेली असेल तर भांडायला पाय टेकता येतो. नाही तर चंद्रपूरच्या रामाळा तलावासारखं होतं. त्या गोंडकालीन तलावासाठी २०२१ मध्ये बंडू धोत्रे यांना उपोषणाला बसावं लागलं.

त्या शिक्षकांना मी एवढंच सांगितलं, "कर्ज आत्ता घेऊ नका. आखाडात मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन प्लॉटवर जा आणि तासभर उभे राहा." ते गेले. संध्याकाळी चिखलाने भरलेल्या पायांनी परत आले. प्लॉटच्या मधोमध पोटरीभर पाणी वाहत होतं, आणि ते सरळ बोडीकडे चाललं होतं. त्यांनी तो प्लॉट घेतला नाही. दिवाळीत तो दुसऱ्या कोणी घेतला. आता तिथे मुरुमाचे ट्रक खाली होत आहेत, आणि शिक्षक वाजिब-उल-अर्जच्या नकलेसाठी अर्ज लिहून माझ्याकडे तपासायला घेऊन आले आहेत.