स्की-मार्गांचे ग्रूमिंग

स्की-मार्गांचे ग्रूमिंग म्हणजे स्की-उतारांवरील हिमाची यंत्राने केलेली मशागत होय. हिवाळ्यात पाऊस पडून किंवा ऊब वाढून भिजलेले हिम पुन्हा गोठले, की त्याचा काचेसारखा कडक बर्फ होतो. त्यात स्कीची धार रुतत नाही. वळणे आणि थांबणे धोक्याचे ठरते. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँटसारख्या राज्यांत हे वारंवार घडते.

ग्रूमर हे रणगाड्यासारख्या रुंद पट्ट्यांवर चालणारे वाहन असते. त्याचे पुढील पाते उंचवटे कापून खळगे भरते. मागील फिरता दातेरी रूळ बर्फाचा थर फोडून त्याचे कण करतो. त्यामागची लवचिक फणी हे कण दाबून कॉर्डरॉय कापडासारख्या बारीक सऱ्या उमटवते. मात्र खरी घडण यानंतर होते. सुटे कण काही तास थंडीत निवांत राहिले, तरच ते परस्परांना जोडले जाऊन घट्ट, तरीही धार रुतेल असा पृष्ठभाग तयार होतो. म्हणून ग्रूमिंग बहुधा रात्री, उतार बंद असताना करतात.

वेळ साधणे अवघड असते. हिम ओलेचिंब असताना यंत्र फिरवल्यास ते सकाळपर्यंत पुन्हा दगडासारखे गोठते; पूर्ण कडक झाल्यावर फिरवल्यास चुऱ्याऐवजी ढेकळे निघतात. थर पातळ असेल, तर रुळाचे दाते माती व दगडगोटेही वर आणतात.