आजारी एक, रांगेत दुसराच

भाद्रपदात लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतःसाठी काही मागायला आलेले नसतात. ज्याच्यासाठी मागायचे तो परळच्या केईएम, वाडिया किंवा टाटा रुग्णालयात खाटेवर असतो आणि त्याच्या वाटची रांग आई, भाऊ किंवा बायको धरते. या मंडळाचा जन्मच मुळी नवसातून झाला. पेरू चाळीचा बाजार बंद पडल्यावर हक्काच्या जागेसाठी कोळी आणि व्यापाऱ्यांनी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. लालबागहून काही किलोमीटरवर माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. लागोपाठ नऊ बुधवार जाण्याचा नेम धरणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. वांद्र्याच्या मोतमाऊलीला तर दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिकृतीच वाहिली जाते. असे असताना चिकाटीने आरोग्य मागण्याविषयी ख्रिस्ती धर्मग्रंथ स्वतः काय म्हणतो, हे पाहणे उद्‌बोधक ठरावे.

शुभवर्तमानांतील अशा कथांमध्येही मागणारा बहुधा रुग्ण नसतो. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला चौघे जण उचलून आणतात आणि गर्दीमुळे दार गाठता येईना तेव्हा छप्पर उकलून त्याची खाट खाली सोडतात. याईर मुलीसाठी येतो, रोमन शताधिपती चाकरासाठी. सर्वांत चिवट आहे ती सोर प्रांतातली परधर्मीय आई. मत्तयाच्या कथनानुसार तिच्या हाकेला येशू प्रथम उत्तरच देत नाही. शिष्य तिला घालवून द्या म्हणतात. पुढे मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे बरे नव्हे, असे कठोर उत्तर मिळते. हे उत्तर भाष्यकारांना आजही अवघड वाटते. त्यावर ती म्हणते की, मेजाखाली पडलेला चुरा कुत्रीही खातातच. तिची मुलगी बरी होते, आणि येशू तिच्या विश्वासाला मोठा म्हणतो.

लूकने सांगितलेल्या दाखल्यात मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावणारा माणूसही पाहुण्यासाठी भाकरी मागतो. त्याच्या वृत्तीसाठी वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘निर्लज्जपणा’ असा होतो. भाषांतरांत तो बहुधा ‘आग्रह’ असा सौम्य होऊन येतो. नवस आणि हा आग्रह यांतला फरक मात्र महत्त्वाचा आहे. नवसात देणेघेणे ठरलेले असते, आधी बोलायचा आणि मग फेडायचा. या कथांतला याचक बदल्यात काहीच देऊ करीत नाही. नाईनची विधवा तर मागतही नाही, तरी तिचा मुलगा उठतो. अडतीस वर्षे आजारी असलेल्या बेथेस्दाच्या माणसाला आपल्याला कोणी बरे केले, हेही ठाऊक नसते.

म्हणजे चिकाटी ही बरे होण्याची किंमत नव्हे. तसे नसते तर पौलाचे काय करायचे? शरीरातला ‘काटा’ दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनविले आणि उत्तर आले ते कृपा पुरेशी असल्याचे. काटा राहिला. त्रफिम नावाच्या सहकाऱ्याला आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवावे लागले. दाविदाने सात दिवस उपवास करूनही त्याचे बाळ दगावले.

आजारी माणूस बरा झाला नाही की ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे सांगणारे सर्व धर्मांत भेटतात. रुग्णालयातून रित्या हातांनी परतणाऱ्या कुटुंबाला याहून क्रूर वाक्य ऐकवता येणार नाही. शास्त्राचा त्याला आधार तपासला तर वेगळेच दिसते. फेफऱ्याने पछाडलेल्या मुलाला शिष्य बरे करू शकले नाहीत, तेव्हा अल्पविश्वासाचा ठपका येतो तो शिष्यांवर. मुलाचा बाप तर उघड कबूल करतो की त्याचा विश्वास अपुरा आहे, आणि तरी मुलगा बरा होतो. नासरेथात अविश्वासामुळे फारसे चमत्कार झाले नाहीत, असे मत्तय नमूद करतो. पण तो अविश्वास सुताराचा मुलगा म्हणून येशूला तुच्छ लेखणाऱ्या गावकऱ्यांचा होता.

वैद्यकाशीही या ग्रंथाचे वैर नाही. बारा वर्षे रक्तस्राव सोसलेल्या बाईने वैद्यांपायी सारे धन गमावले आणि दुखणे वाढलेच, असे मार्क फटकळपणे सांगतो. परंपरेने वैद्य मानला गेलेला लूक हा शेरा बराच सौम्य करतो, ही गंमत लक्षात घेण्याजोगी. कॅथलिक बायबलातील बेनसिराच्या ग्रंथात तर प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, असे एकाच प्रकरणात सांगितले आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला. प्रार्थना करण्यास त्यात मनाई नाही.

या कथा मूळ ग्रीकमधून सोप्या मराठीत आणण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केले. ते चालू असतानाच, १९२१ साली, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण मराठी बायबल त्यांच्या पश्चात छापून निघाले. मुलीसाठी पदर पसरणारी सोर प्रांतातली ती आई त्यातही आहे, आणि पौलाचा काटाही.