२.३ कळसूबाई : शिखर आणि कथा

मागील उपघटकात आपण दैवतकथेचे स्वरूप पाहिले. आता एका डोंगराच्या आधारे लोककथा आणि भूगोल यांचे नाते समजून घेऊ.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. त्याची उंची १६४६ मीटर असून ते अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. पायथ्याच्या बारी गावातून वाट निघते. शेते मागे पडली की चढ सुरू होतो. अवघड कातळांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे मंदिर आहे. नवरात्रात येथे परिसरातील भाविकांची गर्दी होते.

या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. लोककथेनुसार कळसू ही कोळ्याची मुलगी. केर काढणार नाही व भांडी घासणार नाही, या अटीवर ती पाटलाच्या घरी कामाला राहिली. एकदा घरी पुष्कळ पाहुणे आले आणि तिला हीच कामे करावी लागली. कामे उरकून ती रागाने डोंगरावर निघून गेली, ती परतली नाही. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला ती जागा काळदरा, असे सांगतात.

या कथेत असुरवध नाही, वरदानही नाही. आहे तो मोडलेला शब्द. कष्टकरी मुलीचा नकार येथे दैवतपदाला पोहोचला आहे. म्हणूनच गिर्यारोहकाचे 'सर्वोच्च शिखर' आणि भाविकाची 'बाई' ही एकाच डोंगराची दोन वेगळी आकलने ठरतात. पहिल्यात उंची मोजली जाते, दुसऱ्यात मान राखला जातो.

आपण हे शिखर चढाल तेव्हा वाटेवरील जागांची नावे स्थानिकांकडून विचारून घ्या व सांगणाऱ्याच्याच शब्दांत टिपा. कथा पुस्तकात टिकते. परंतु स्थलनाम बोलले गेले तरच टिकते. ते विसरले गेले, तर कळसूचा राग कोणत्या जागी घडला हे सांगणारी खूण उरणार नाही.

आपली प्रगती तपासा

१. कळसूबाईच्या कथेत श्रम आणि स्वाभिमान यांचा संबंध कसा व्यक्त होतो?
२. आपल्या परिसरातील एका स्थलनामामागील कथा नोंदवा.