केकवरील सजावटीचा भार

घरी केलेल्या केकवरची बाहुली कलली किंवा वरचा थर खचला की क्रीम कमी पडले असे समजून तेथे आणखी क्रीम लावले जाते; वस्तुतः चिकटवणे आणि भार पेलणे ही दोन निराळी कामे आहेत. क्रीम वस्तूला जागेवरून सरकू देत नाही, परंतु तिचे वजन पेलत नाही, आणि हवेने फुललेला स्पंजही ते फार काळ पेलू शकत नाही. मांडवाचे छत ज्याप्रमाणे कनातीवर नव्हे, तर जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभे असते, त्याप्रमाणे जड सजावटीचा भार डॉवेल (केकमध्ये उभी रोवायची टणक काडी) खालच्या पुठ्ठ्यापर्यंत पोहोचवते. ही काडी तळाला टेकलेली आणि वर केकच्या पृष्ठभागाबरोबर कापलेली असावी, व वरच्या थराखाली स्वतंत्र पुठ्ठा असावा. तो नसल्यास काड्या त्या थरात घुसतात आणि आधार असूनही केक खचतो, ही बाब बहुतेकदा नजरेतून सुटते.

चिकटवण्याचे साधन वस्तूनुसार बदलते. चॉकलेटच्या पट्ट्यांना वितळवलेले चॉकलेट पुरते. फॉन्डंटचे (साखरेचा लाटता येणारा मऊ गोळा) फूल फॉन्डंटवरच बसवायचे असल्यास पाण्याचे ओले बोट पुरेसे असते, कारण अधिक पाण्याने साखर विरघळून फूल उलट घसरते. फेटलेल्या क्रीममधील ओलाव्यानेही फॉन्डंट पाझरू लागते, म्हणून अशी सजावट केक कापण्याच्या थोडा वेळ आधीच ठेवणे इष्ट. तारेची फुले मात्र थेट केकमध्ये कधीही खुपसू नयेत. ती स्वच्छ स्ट्रॉमध्ये बसवावीत, आणि आत काड्या असल्यास केक कापणाऱ्याला तसे आधीच सांगावे.