पुलालाही वय असतं, भावा!

वीकेंडला पन्हाळ्याला बाइक काढली की शिवाजी पूल कधी मागे पडला, हे आपल्याला कळतही नाही. पूल ओलांडायचा असतो, बघायचा थोडाच! पण एकदा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून बघा. कमानी पाण्यात उलट्या उतरलेल्या. नाद खुळा!

हे काम १८७८ चं. कमानीतला एकेक दगड पाचरीसारखा घडवलेला, शेजारच्याला रेटून धरणारा. वरचं वजन असं दगडा-दगडांतून खांबात आणि तिथून जमिनीत जातं. बैलगाड्यांच्या जमान्यातल्या या हिशेबावर आपण रत्नागिरीचे ट्रक आणि एसट्या पळवल्या. २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४३), तरी गडी उभाच.

शेजारी पर्यायी पूल बांधायला घेतला आणि तो अडला. कारण शहराच्या बाजूची ब्रह्मपुरी टेकडी. संरक्षित वारसा, त्यामुळे १०० मीटरच्या आत बांधकाम बंद. म्हणजे टेकडी जपायची आणि पुलाला मात्र राबवत ठेवायचं! २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस कठडा तोडून नदीत कोसळली. १३ जीव गेले. नवा पूल खुला झाला तो २०१९ मध्ये.

तेव्हापासून इथे ‘हेरिटेज’ म्हटलं की कुणीतरी विचारतंच, “माणसं मोठी का दगड?” राग बरोबर आहे. पण मला वाटतं, जुन्या पुलाला खरं वाचवलं ते शेजारच्या नव्या पुलानेच. आपण साठीला रिटायर होतो. याच्या पाठीवरचा भार हलका व्हायला १४० वर्षं लागली.

आता भीती वेगळीच. ओझं उतरलं की लक्षही उडतं. सांध्यात पिंपळ रुजतो, मुळं चुना फोडतात, पुराचं पाणी पायाखालची माती ओढून नेतं. रोप कोवळं असतानाच मुळासकट काढायचं, सांधे चुन्यानेच भरायचे (सिमेंट कडक, ते दगडालाच खातं), पावसाळा सरला की पाया तपासायचा. रंगीत लाइटिंग आणि सेल्फी पॉइंट काय, नंतर कधीही होईल.